टर्मिनलमधून फाइली आवरायच्यात, पार नवीन आहे, सुरुवात कुठून करू?

हळदबाजार (वसमत)

मंडळी, माझं झेरॉक्स अन् स्कॅनिंगचं दुकान आहे. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे फुकटचे अपडेट बंद झाले अन् ११ घ्यायला मशीन पात्र नाही, म्हणून पुतण्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं. मशीन चांगलं पळायलंय, त्याची तक्रार नाही.

अडचण अशी की आजवरचे सगळे स्कॅन एकाच फोल्डरात आहेत. सातबारे, आठ-अ, पीकविम्याच्या पावत्या, लग्नपत्रिकांचे नमुने, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, सगळा काला. काही हजार फाइली असतील. फोल्डर उघडलं की फाइल मॅनेजर एकेकीचं छोटं चित्र बनवत बसतो अन् गिऱ्हाईक समोर उभं. पुतण्या म्हणतो, "काका, टर्मिनल शिका, दोन ओळींचं काम आहे." एवढं बोलून तो पुण्याला निघून गेला. मी टर्मिनल, म्हणजे ती आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, एक ओळ लुकलुकायलीय. आता पुढं काय?

मला प्रोग्रॅमर व्हायचं नाही. फाइली वर्षावारी वेगळ्या करायच्यात अन् जुन्या काढून टाकायच्यात, बस. मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे, उत्तरं देवनागरीत दिली तर लई बरं होईल.

मांजराथडी (लातूर)

कशाला त्या भानगडीत पडता? फाइल मॅनेजरमध्ये चित्रांऐवजी यादी दिसेल असं करा, तारखेनं लावा, शिफ्ट धरून निवडा अन् ओढून टाका. अर्ध्या तासाचं काम. टर्मिनल हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं, दुकानदाराचं नाही.

अन् राव, दुसऱ्यांचे सातबारे, आधार कार्डं अशी वर्षानुवर्षं साठवता कामून? गिऱ्हाइकाचं काम झालं की त्याच्यासमोर उडवा. निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

हळदबाजार (वसमत)

उडवायचंच तर विचारायलोय, भाऊ. पण एकेक उघडून बघत बसलो तर दुकान कोण बघणार?

दुधनाकाठ (सेलू)

दादा, होईल. मी शाळेत मुलांना हेच शिकवते, त्यामुळे कुठं अडतं ते पाठ झालंय.

लिहिण्याबद्दल आधी ठरवून घेऊ. इथं आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते, तुम्ही त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा, आकडेही इंग्रजीच. "एलएस -एल" म्हणजे एल-एस, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि रेघेला चिकटून एल. मधली जागा विसरलात तर आज्ञा सापडत नाही असं उत्तर येईल. येऊ द्या, त्यानं काही बिघडत नाही.

टर्मिनल उघडल्यावर तुमचं नाव, @, मशीनचं नाव, मग ~ आणि $ दिसत असेल. ~ म्हणजे मशीनवरचं तुमच्या नावाचं फोल्डर, तुमचं घर. $ च्या पुढं टाइप करायचं आणि एंटर.

माउस हातात असताना आपण कोणत्या फोल्डरात आहोत ते समोर दिसत असतं. इथं ते विचारून घ्यावं लागतं. मुलं चुकतात ती इथंच. आज्ञा बरोबर असते, जागा चुकलेली असते. म्हणून सुरुवातीला फक्त बघायच्या आज्ञा घ्या:

पीडब्ल्यूडी : मी कुठं आहे? (बांधकाम खात्याशी संबंध नाही.)
एलएस : इथं काय काय आहे? "एलएस -एलएच" केलं तर आकार आणि तारखाही दिसतात.
सीडी : त्या फोल्डरात जा. "सीडी .." म्हणजे एक पायरी वर, नुसतं "सीडी" म्हणजे कुठूनही थेट घरी, "सीडी -" म्हणजे आत्ता होतो तिथं परत.

या तिन्हींनी कितीही खेळा, एकही फाइल हलत नाही की पुसली जात नाही. हात बसला की सांगा, मग हलवायचं बघू.

आणि टॅबची कळ वापरा. फोल्डरच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव मशीन लिहितं. लिहिलं नाही तर त्या अक्षरांची एकाहून जास्त नावं आहेत किंवा एकही नाही. पुन्हा टॅब दाबलं की असतील ती दाखवतं.

हळदबाजार (वसमत)

जमायलंय ताई! पण एका ठिकाणी अडलो. फोल्डरचं नाव "स्कॅन २०२३" आहे, मधी जागा. "सीडी स्कॅन २०२३" दिलं तर खूप जास्त गोष्टी दिल्यात असं काहीतरी इंग्रजीत म्हणतंय.

दुधनाकाठ (सेलू)

जागा दिसली की तिथं एक गोष्ट संपली असं टर्मिनल समजतं. त्याच्या लेखी तुम्ही दोन फोल्डरं सांगितलीत, आणि सीडीला एकच लागतं. नाव अवतरणचिन्हांत घाला: सीडी "स्कॅन २०२३". किंवा टॅब दाबा, मधल्या जागेची काळजी ते स्वतःच घेतं.

डॉसवालेकाका (परभणी)

हे वाचून गंमत वाटली. आम्ही कॉम्प्युटर क्लासला गेलो तेव्हा माउस बघायलाही मिळत नव्हता. डॉसमध्ये फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, टिंबाच्या पुढं तीन, जागाबिगा काही चालायची नाही. त्या जाचामुळं नावात जागा न सोडण्याची सवय लागली ती अजून आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये तर फोल्डरच नव्हते, ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले.

तुम्ही शिकताय त्या आज्ञांचं घराणं मात्र डॉसचं नव्हे, युनिक्सचं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केलं. त्या वेळी टेलिटाइपवर काम चालायचं, सेकंदाला दहा अक्षरं छापणारं यंत्र. दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा का, तर त्यामुळे, असं सांगतात. लिनक्स १९९१ चं, पण आज्ञा त्याच चालत आल्या.

बिंदुसरा (बीड)

मध्येच विचारते, माझ्याकडे विंडोजच आहे. यातलं मला काही उपयोगी पडेल का?

उदगीरकर

पडेल. पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलं टर्मिनल, उघडा. त्यात एलएस, सीडी, सीपी (कॉपी करणं), एमव्ही (हलवणं), आरएम (पुसणं) ही नावं चालतात, आतून मात्र त्या वेगळ्या आज्ञा आहेत, त्यामुळे रेघेपुढची अक्षरं जशीच्या तशी चालणार नाहीत. पॉवरशेलमधली एक सोय मला लिनक्सपेक्षा आवडते: पुसायच्या किंवा हलवायच्या आज्ञेच्या शेवटी "-व्हॉटइफ" लावलं तर काय काय होईल ते नुसतं सांगतं, करत काहीच नाही. नवशिक्यानं ते लावल्याशिवाय एंटर दाबू नये.

हळदबाजार, लिनक्सवर आरएम आणि एमव्हीला असं काही नाही. तिथं ती चाचणी आपली आपण करायची. कशी ते सांगतो, कारण तुमचं पुढचं सगळं काम त्यावर आहे.

* म्हणजे "इथं काहीही चालेल". अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपवरून उतरलेल्या फोटोंच्या नावात बहुधा तारीख असते: आयएमजी (हे मात्र मोठ्या इंग्रजी अक्षरांत), आडवी रेघ, मग २०२४०६१५ असा सलग आकडा. म्हणून "आयएमजी-२०२४*" म्हटलं की २०२४ चे सगळे फोटो आले. लक्षात घ्या, * चा अर्थ एमव्ही किंवा आरएम लावत नाही. त्यांच्याकडे जाण्याआधीच शेल (टर्मिनलमध्ये आपली ओळ वाचणारा प्रोग्रॅम) त्या जागी जुळणारी सगळी नावं मांडून ठेवतं. म्हणजेच एकच नमुना एलएसला दिला काय आणि एमव्हीला दिला काय, यादी तीच. आधी

एलएस आयएमजी-२०२४*

करून बघा. यादी मनासारखी आली की वरच्या बाणाची कळ दाबा, तीच ओळ परत येईल, एलएस खोडून एमव्ही लिहा आणि शेवटी मुक्काम जोडा:

एमकेडीआयआर २०२४
एमव्ही -एन आयएमजी-२०२४* २०२४/

पहिली ओळ २०२४ नावाचं फोल्डर बनवते, दुसरी फोटो त्यात हलवते. यात दोन बारकावे आहेत. "-एन" म्हणजे मुक्कामी त्याच नावाची फाइल असेल तर तिच्यावर लिहू नको. हे नसेल तर एमव्ही न विचारता जुनी फाइल घालवतं. दुसरा, शेवटची तिरपी रेघ. समजा २०२४ नावाचं फोल्डर करायचं राहिलं आणि नमुन्यात एकच फाइल बसली. रेघ नसेल तर एमव्ही त्या फाइलीचंच नाव बदलून २०२४ ठेवतं. रेघ असेल तर असं फोल्डर नाही म्हणून थांबतं. "-एन" नसेल, मुक्काम लिहायचाच राहिला आणि नमुन्यात नेमक्या दोन फाइली असल्या, तर पहिली दुसरीच्या जागी जाऊन बसते, दुसरी कायमची जाते. आवाज नाही, सूचना नाही.

हळदबाजार (वसमत)

उदगीरकर, २०२१ ते २०२५ सगळी वर्षं वेगळी झाली!! एंटर दाबलं तर काहीच उत्तर आलं नाही, मला वाटलं झालंच नाही. बघतो तर सगळे आपापल्या जागी.

उदगीरकर

काम नीट झालं की गप्प बसायचं, ही या मंडळींची रीत आहे. बोलावंसं वाटत असेल तर "-व्ही" जोडा, प्रत्येक फाइल कुठून कुठं गेली ते सांगत जाईल.

गोदाकाठ (नांदेड)

आरएमबद्दल कुणी बोललं नाही अजून. टर्मिनलमधून पुसलेलं कचरापेटीत जात नाही. गेलं म्हणजे गेलं. "आरएम स्कॅन*" आणि "आरएम स्कॅन *" यात एका जागेचा फरक, पण दुसरीत * एकटा पडतो अन् त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली जातात. रात्री दुकान आवरता आवरता हे काम करू नका.

सुरुवातीला आरएम वापरूच नका, असं माझं मत. "जीआयओ ट्रॅश" आणि पुढं फाइलीचं नाव, एवढं केलं की ती कचरापेटीत जाते, चुकलं तर माउसनं परत काढता येते.

बिंदुसरा (बीड)

आरएम दरवेळी विचारेल अशी सोय असते ना? "आरएम -आय"? ते कायमचंच लावून टाकलं तर?

उदगीरकर

लावता येतं, पण मी लावत नाही. एकदा सवय लागली की माणूस विचारण्याच्या भरवशावर बेफिकीर होतो, आणि दुसऱ्या मशीनवर ते लावलेलं नसतं.

दुधनाकाठ (सेलू)

इथं माझं उदगीरकरांशी जमत नाही. नवीन माणसाला विचारणारंच आरएम द्यावं. दुसऱ्या मशीनवर बसायची वेळ येईल तोवर तो नवीन राहिलेला नसतो.

हळदबाजार (वसमत)

बरं, आता जुन्या स्कॅनचं. तीन महिन्यांच्या पलीकडचे गिऱ्हाइकांचे कागद काढायचेत. मांजराथडी भाऊंचं म्हणणं पटलं होतं. पण या फाइलींच्या नावात तारीख नाही.

उदगीरकर

त्यासाठी फाइंड. ज्या फोल्डरात साफसफाई करायची तिथं जा, पीडब्ल्यूडी करून खात्री करा, मग

फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +९०

टिंब म्हणजे "इथून खाली", "-टाइप एफ" म्हणजे फक्त फाइली, फोल्डर नकोत, आणि शेवटचं म्हणजे शेवटचा बदल होऊन नव्वदाहून जास्त दिवस झालेल्या. ही आज्ञा नुसती यादी देते. किती आहेत ते मोजायचं तर शेवटी "| डब्ल्यूसी -एल" जोडा. यादी डोळ्यांखालून घातल्यावर, आणि तेव्हाच, त्याच ओळीच्या अगदी शेवटी "-डिलीट".

अगदी शेवटी हे मुद्दाम म्हणतोय. फाइंड आपल्या अटी डावीकडून उजवीकडे वाचतो. "-डिलीट" आधी लिहिलं तर तारीख बघायच्या आतच तो पुसत सुटतो. कालचा स्कॅनही जाईल.

एक तपासा. पुतण्यानं जुन्या डिस्कवरून फाइली आणताना साधं सीपी वापरलं असेल तर सगळ्यांवर आणल्या दिवसाची तारीख पडलेली असेल. "सीपी -ए" वापरलं असेल तर मूळ तारखा शाबूत. "एलएस -एल" केल्यावर सगळ्या फाइली एकाच दिवसाच्या दिसल्या तर माझी वरची ओळ तुम्हाला निरुपयोगी आहे.

हळदबाजार (वसमत)

तारखा मूळच्याच निघाल्या. यादी बघून मग काढलं. फोल्डर आता पटकन उघडतंय.

पण एक चमत्कार बघा. काही फाइलींची नावं मराठीत आहेत, "शेतकऱ्यांचे अर्ज" अशी सुरू होणारी. फोल्डरात माउसनं बघितलं तर ढीगभर दिसतात. टर्मिनलमध्ये "एलएस शेतकऱ्यांचे*" दिलं की मोजक्याच येतात. नावं तर डोळ्यांनी सारखीच दिसतात! उरलेल्या कुठं गेल्या?

उदगीरकर

कुठंही गेल्या नाहीत. दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप झाल्यात. दुकानात दोन माणसं बसतात का?

मराठीतला हा "ऱ्य" युनिकोडमध्ये, म्हणजे मशीन अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतं तीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षरच असतं, त्याला हलन्त, मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मशीनला मात्र ही दोन वेगळी नावं. खात्री करायचीय? एका फाइलीच्या नावातला "शेतकऱ्यांचे" एवढाच शब्द चिकटवून त्याचे बाइट मोजणारी ही आज्ञा द्या (टर्मिनलमध्ये चिकटवायला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही):

इको -एन शेतकऱ्यांचे | डब्ल्यूसी -सी

मग दुसऱ्या गटातल्या फाइलीचा शब्द घेऊन तेच करा. काय आकडे येतात ते इथं टाका.

हळदबाजार (वसमत)

एकाला ३३ आला, दुसऱ्याला ३६. हाव, सकाळी मी बसतो, दुपारून मेहुणा. त्याचा कीबोर्ड वेगळाच आहे.

उदगीरकर

तेच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. तुमच्या शब्दात अकरा चिन्हं, मेहुण्याच्या शब्दात बारा, ते बारावं म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह.

तात्पुरतं "एलएस शेतक*" द्या, दोन्ही येतील. सगळी नावं एकसारखी करायची असतील तर एक छोटं चक्र, म्हणजे प्रत्येक फाइलीवर तेच काम करत जाणारी आज्ञा, लिहून देतो.

मांजराथडी (लातूर)

चक्रबिक्र कशाला? मिंटमध्ये बल्की नावाचं प्रोग्रॅम आलेलंच असतं. फाइली निवडा, हे शोधा अन् ते घाला असं सांगा, खाली नवीन नावं आधीच दिसतात. तुमच्या इको-डब्ल्यूसीपेक्षा सोपं.

उदगीरकर

खरंय, या कामाला बल्कीच चांगलं. फक्त "शोधा"च्या चौकटीत तो शब्द मेहुण्याच्या फाइलीवरून चिकटवा, हातानं टाइप करू नका, नाहीतर तुमचाच ऱ्य शोधत बसेल.

डॉसवालेकाका (परभणी)

म्हणूनच म्हणतो, फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवावीत. कटकट नाही.

गोदाकाठ (नांदेड)

काका, पटलं नाही. दुकानात बसणाऱ्या माणसाला नाव वाचता आलं पाहिजे. लिनक्सला मराठी नावांचं वावडं नाही. उलट इंग्रजीत मोठ्या आणि छोट्या अक्षरांची दोन वेगळी नावं होतात, विंडोजवरून आलेला माणूस तिथं हमखास गोंधळतो. मराठीत तो घोळच नाही.

एवढंच की नाव आटोपशीर ठेवा. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे मराठीची ८५ चिन्हं. विंडोजवर जास्त मावतात, त्यामुळे तिथून आणलेलं एखादं लांबलचक मराठी नाव इथं कॉपी होताना अडतं. आणि काही टर्मिनलांत जोडाक्षरं तुटकी दिसतात, घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते.

दुधनाकाठ (सेलू)

मधला मार्ग सांगते. सुरुवातीला तारीख इंग्रजी आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, आणि पुढं मराठी शब्द, मधे जागेऐवजी खालची रेघ. वर्ष आधी असलं की एलएसची यादी आपोआप कालक्रमानं लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

हळदबाजार (वसमत)

ताईंचा मार्ग घेतला. मेहुण्याचा कीबोर्डही बदलून टाकला. आता शेवटचं: हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचंय. आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, कॉपी अर्ध्यात तुटली की कुठपर्यंत झालं कळत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

सीपी सोडा, आरसिंक घ्या.

आरसिंक -एव्ही स्कॅन/ (डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता)

लाइट आली की वरचा बाण दाबून तीच ओळ पुन्हा द्या. पोचलेल्या फाइली सोडून देतं, उरलेल्याच नेतं. इथं उदगीरकरांची चाचणी आयती मिळते: "-एव्हीएन" केलं तर काय काय नेणार ते नुसतं सांगतं.

स्कॅनपुढची तिरपी रेघ असेल तर फोल्डराच्या आतलं सगळं जातं, नसेल तर स्कॅन नावाचं फोल्डर जसंच्या तसं जातं. दोन्ही चालेल, पण दरवेळी एकच ठेवा, नाहीतर डिस्कवर दोन प्रती होतील. पत्ता टाइप करायचा कंटाळा आला तर डिस्कवरचं फोल्डर माउसनं ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. काढताना माउसनं "इजेक्ट" केल्याशिवाय केबल ओढू नका.

बिंदुसरा (बीड)

ओढून सोडलेलं चालतं?! हे आधी सांगायचं ना.

मांजराथडी (लातूर)

एक विचारू का? सहज बघावं म्हणून टर्मिनल उघडलं होतं. फाइंड चालू असताना सवयीनं कंट्रोल अन् एस दाबलं गेलं. तेव्हापासून काहीच हलेना, काही टाइपही होईना. मशीन बंद करू का?

दुधनाकाठ (सेलू)

नका करू, दादा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे जतन नव्हे, पडदा थांबव. कंट्रोल-क्यू दाबा, जिथं थांबलं तिथून चालू होईल. मधल्या वेळेत जे काही टाइप केलं असेल तेही आता एकदम उमटेल, तेवढं बघून मग एंटर दाबा.

मांजराथडी (लातूर)

झालं चालू. मधल्या वेळेत जे टाइप केलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.